‘ट्रेटर’ म्हणजे नेमके कोण?

चळवळीत मतभेद झाला की ‘गद्दार’ हा शब्द लगेच फेकला जातो. इंग्रजीत त्यालाच ‘ट्रेटर’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा इतिहास तरुण कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

लॅटिनमध्ये ‘त्रादेरे’ म्हणजे सोपवणे. ‘त्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘दारे’ म्हणजे देणे. आपल्या ‘दान’ शब्दाचे आणि या ‘दारे’चे मूळ एकच आहे. पुढच्या पिढीच्या हाती जे सोपवले जाते ते ‘ट्रॅडिशन’, म्हणजे परंपरा. आणि आपले ते शत्रूच्या हाती सोपवणारा ‘त्रादितोर’, म्हणजेच ट्रेटर. दोन्ही शब्द ‘त्रादेरे’मधूनच आले.

इ.स. 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. ज्या धर्मगुरूंनी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांना ख्रिस्ती समाज ‘त्रादितोर’ म्हणू लागला. छळ थांबल्यावर आजच्या ट्युनिशियातील कार्थेज येथे नव्या बिशपवरून वाद पेटला. त्याला पदावर बसवणारा फेलिक्स त्रादितोर आहे, असा आरोप झाला. 314 मध्ये आर्ल येथील धर्मसभेने ठरवले की असा आरोप सरकारी दप्तरातून सिद्ध झाला पाहिजे. नुसत्या बोलण्यावरून कोणालाही पदावरून काढू नये. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला. त्याच्याविरुद्धच्या पत्रात खोटा मजकूर घुसडलेला निघाला. पण समाज फुटला होता आणि ती फूट शंभर वर्षांहून अधिक टिकली.

आपल्या विनयपिटकातही भिक्खूवर पाराजिकेचा निराधार आरोप करणे हा संघादिसेस, म्हणजे गंभीर दोष मानला आहे. वाद संबंधितांच्या समोरासमोर मिटवावा, असाही नियम आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत फितुरीबद्दल बोलताना बाबासाहेबांनी सिंधच्या राजा दाहिरच्या सेनापतींचे उदाहरण दिले. त्यांनी लाच घेतली आणि लढायला नकार दिला, अशी नेमकी कृती बाबासाहेबांनी सांगितली.

फितुरी घडते, हे खरे आहे. म्हणूनच तो शब्द जपून वापरला पाहिजे. एखाद्या कार्यकर्त्याला गद्दार म्हणण्यापूर्वी विचारा: त्याने काय सोपवले? कोणाला सोपवले? पुरावा काय? वेगळ्या गटात जाणे किंवा नेत्याला प्रश्न विचारणे, यात काहीही शत्रूच्या हाती जात नाही. तो मतभेद आहे आणि तो बैठकीत, त्या माणसासमोर बोलून सोडवता येतो.