अपराजित, तरीही दाराबाहेर

अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०२३ च्या हंगामात डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचे तेराच्या तेरा सामने जिंकले आणि आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपदही मिळवलं. तरीही ३ डिसेंबरला राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळणारे चार संघ जाहीर झाले, तेव्हा त्यांत हा संघ नव्हता. आक्रमणाची सगळी सूत्रं ज्याच्या हाती असतात तो क्वार्टरबॅक, जॉर्डन ट्रॅव्हिस, नोव्हेंबरमध्ये पायाच्या गंभीर दुखापतीमुळे बाहेर पडला होता. त्याच्याविना फ्लोरिडा स्टेटने पुढचे दोन्ही सामने जिंकून दाखवले होते; पण हा संघ आता पूर्वीइतका बलवान राहिलेला नाही, असं निवड समितीचं मत पडलं. एक सामना हरलेला अलाबामा आत गेला. माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा खूप मोठा आहे हे तुम्हाला दिसलं असतं, अशा आशयाचं ट्रॅव्हिसने त्या दिवशी जाहीरपणे लिहिलं. एखाद्या तरुण खेळाडूला स्वतःच्या दुखापतीबद्दल असं वाटायला लावणारी पद्धत सदोष आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचं नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत खेळायचा हा अमेरिकी खेळ. तिथल्या विद्यापीठांचे सामने बघायला लाखभर लोक स्टेडियममध्ये बसतात. सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला येतात जेमतेम बारा सामने. सगळी अडचण या हिशेबात आहे. आयपीएलमध्ये दहा संघांची एकच गुणतालिका असते, तिच्यातले पहिले चार प्लेऑफला जातात; कुणाला मत विचारायची गरज पडत नाही. इथे मात्र दोन अपराजित संघांचे प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा पूर्ण वेगळे असतात. त्यामुळे अनेक दशकं विजेता ठरायचा तो मतदानाने. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावते. पुढे प्रशिक्षकांचीही क्रमवारी आली. हंगामाअखेर ‘बाऊल’ नावाचे मानाचे सामने व्हायचे. १९०२ साली सुरू झालेला रोझ बाऊल हा त्यांतला सर्वांत जुना. पण हे सामने आपापल्या करारांनी बांधलेले असत, त्यामुळे पहिला आणि दुसरा संघ समोरासमोर येईलच याची खात्री नसे. १९९०, १९९१ आणि १९९७ साली तर पत्रकारांनी एकाला आणि प्रशिक्षकांनी दुसऱ्याला विजेता ठरवलं.

यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये बीसीएस ही व्यवस्था आली. मतं आणि संगणकी क्रमवारी एकत्र करून दोन संघ निवडायचे आणि त्यांचा अंतिम सामना लावायचा. पण दोनच जागा असल्या की तिसऱ्यावर अन्याय ठरलेला. २००३ मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया अंतिम सामन्याबाहेर राहिला आणि पुन्हा दोन विजेते झाले. २००४ मध्ये ऑबर्न सगळे सामने जिंकूनही बाहेरच. २००९ मध्ये नियमित हंगाम संपला तेव्हा अलाबामा, टेक्सस, सिनसिनाटी, टीसीयू आणि बॉइसी स्टेट असे पाच संघ अपराजित होते. पाचांतल्या तिघांचा मैदानावर कुणीच पराभव केला नव्हता; त्यांना बाद केलं ते क्रमवारीने.

मला प्लेऑफ हवा तो यासाठी. प्लेऑफमुळे सर्वोत्तम संघ हमखास सापडतो, असा माझा दावा नाही. बाद फेरीत एखादा वाईट दिवस कुणाच्याही वाट्याला येतो. पण बारा सामन्यांच्या हंगामातून १३० संघांमधला सर्वोत्तम कोणता, हे नेमकं सांगणं कुणालाच शक्य नाही. ज्याला शक्य आहे असं वाटतं, त्याने २०१४ आठवावं. चार संघांचा प्लेऑफ त्या वर्षी सुरू झाला. चौथं मानांकन मिळालेल्या ओहायो स्टेटने आधी पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४२-३५ असं हरवलं, मग ओरेगनला ४२-२०. दोनच संघ निवडायचे असते, तर ओहायो स्टेटचं नाव त्यात येणं अवघड होतं. स्पर्धा काय देऊ शकते, तर आधी सर्वांना ठाऊक असलेली वाट. इतकं जिंकलात तर पुढे जाल, हे पहिल्या सामन्याआधी खेळाडूला सांगता आलं पाहिजे.

प्लेऑफला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा, की त्याने नियमित हंगामाची धार जाते. पूर्वी एका पराभवानेही स्वप्न संपू शकायचं. म्हणून सामन्यांचा प्रत्येक शनिवार जिवावर बेतल्यासारखा वाटायचा. यात तथ्य आहे. २०२४ मध्ये प्लेऑफमधले संघ बारा झाले आणि त्याच वर्षी ओहायो स्टेट आपल्या कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असा हरला, तरी शेवटी राष्ट्रीय विजेता तोच ठरला. मिशिगनच्या चाहत्यांना त्या विजयाची गोडी थोडी उणावल्यासारखी वाटली असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. पण त्या पराभवाची किंमत ओहायो स्टेटने मोजली. कॉन्फरन्सचा अंतिम सामना हुकला, पहिल्या फेरीची सूट गेली, आणि टेनेसी, ओरेगन, टेक्सस, नोट्र डेम अशा चार संघांना ओळीने हरवावं लागलं. शिवाय ती जुनी धार होती कुणासाठी? ऑक्टोबर उजाडेपर्यंत बहुसंख्य संघांचा विजेतेपदाशी संबंध संपलेला असायचा, आणि लहान कॉन्फरन्समधल्यांचा तर हंगाम सुरू होण्याआधीच. २००९ साली चौदाच्या चौदा जिंकूनही बॉइसी स्टेटला संधी नव्हती. २०२४ मध्ये एक सामना हरूनही त्याला तिसरं मानांकन मिळालं.

अभ्यासाचं काय, हा आक्षेप जुना आहे आणि फार टिकणारा नाही. खालच्या श्रेणींमध्ये प्लेऑफ १९७० च्या दशकापासून होतात. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्तीच दिली जात नाही, तिथली मुलं खऱ्या अर्थाने विद्यार्थी आहेत, आणि तिथेही १९७३ पासून बाद फेरी आहे. खरी काळजी शरीराची. २०२४ चे दोन्ही अंतिम संघ प्रत्येकी सोळा सामने खेळले. डोक्यावर बसणारे धक्के या खेळात टळत नाहीत, आणि विशीतल्या मुलांवर हा भार टाकताना हात आखडता घ्यायला हवा. मात्र २००६ पासून सर्वांचाच नियमित हंगाम बारा सामन्यांचा झाला, तो प्लेऑफमुळे नव्हे, तिकिटं आणि प्रक्षेपणाच्या पैशासाठी. तो बारावा सामना काढून टाका. हजारो खेळाडूंचा भार हलका होईल आणि प्लेऑफही राहील.

आता प्लेऑफमधले संघ सोळा करावेत की आणखी वाढवावेत, असा वाद चालू आहे. माझ्या दृष्टीने आकडा दुय्यम आहे. बाराच्या रचनेत २०२४ आणि २०२५ मध्ये सर्वांत वरच्या क्रमांकाच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा राखीव होत्या; हा या सुधारणेचा प्राण. २०२५ मध्ये बिग टेन या बड्या कॉन्फरन्सने वेगळीच कल्पना पुढे रेटली: स्वतःला आणि एसईसी या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सला प्रत्येकी चार जागा आधीच बांधून द्यायच्या. म्हणजे जागा पराक्रमाने नव्हे, नावाने मिळणार. वाढीव जागा द्यायच्याच असतील तर त्या लहान कॉन्फरन्सच्या विजेत्यांना द्याव्यात. ते संघ दुबळे असतात, मोठ्या फरकाने हरतील, असं म्हटलं जातं. हरू देत. २०२३ मध्ये लिबर्टी विद्यापीठाचा संघही अपराजित होता. फिएस्टा बाऊलमध्ये ओरेगनने त्याला ४५-६ असं हरवलं आणि त्याच्या दाव्याचा निकाल त्या एका दिवसात लागला. २००८ च्या युटा विद्यापीठाच्या दाव्याचा निकाल मात्र आजही लागलेला नाही. तेरा विजय, त्यातला शेवटचा शुगर बाऊलमध्ये अलाबामावर ३१-१७ असा, आणि तरी विजेतेपदाच्या सामन्यात उतरण्याची संधी त्या मुलांना कुणी दिलीच नाही.