पत्र्यावरचे जस्त

छपराचा पन्हळी पत्रा म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे पोलाद आणि त्याच्या दोन्ही अंगांना चढवलेला जस्ताचा मुलामा. भार पेलायचा पोलादाने, टिकवायचे जस्ताने. दुकानात मात्र पत्रा गेजवर विकला जातो, आणि गेजवरून कळते ती फक्त जाडी. जस्त किती चढवले आहे हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. छप्पर किती पावसाळे काढणार, हे तर त्यावरच ठरते.

लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचे पेटंट लंडनच्या गोदीतील अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. सपाट पातळ पत्रा स्वतःच्या वजनानेच वाकतो. पन्हळी पाडली की तोच ताठ उभा राहतो. पण गंज काही सुटत नव्हता. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी स्वच्छ केलेले लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि जहाजातून कुठेही नेता येईल असे हलके छप्पर जगभर पसरले.

जस्त गाळण्याची विद्या त्याहून पुष्कळ जुनी, आणि ती इथली. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर जस्त काढले जात होते. काम अवघड होते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि खनिजातून सुटायला त्याला याहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे भट्टीत ते निघते तेच वाफेच्या रूपात, आणि हवा लागताच त्या वाफेचे पुन्हा भस्म होते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत बसवल्या. एका भट्टीत ३६. वाफ नळीतून खाली उतरे आणि थंड भांड्यात धातू होऊन साचे. वाफ अशी खाली उतरवण्याच्या पद्धतीचे युरोपातले पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन यांचे, १७३८ सालचे. जावरला वापरून टाकलेल्या मुशींचे ढिगारे आजही आहेत. तिथल्या लोकांनी त्या मुशी रचून घरांच्या भिंतीही उभारल्या. दिल्लीच्या लोहस्तंभाचे कौतुक जितके होते, तितके या मुशींचेही व्हायला हवे.

उघड्या हवेत जस्तावर आधी ऑक्साइड, मग ओलाव्याने हायड्रॉक्साइड आणि शेवटी कार्बन डायऑक्साइडमुळे करड्या कार्बोनेटचा घट्ट पापुद्रा धरतो. नव्या पत्र्याची चकाकी जाते ती यामुळे, आणि ती गेलेलीच बरी. जस्ताचा दुसरा गुण याहून मोलाचा. ते लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ओरखड्यात किंवा कापलेल्या कडेवर पोलाद उघडे पडले, तरी ओलाव्यात आधी झिजते ते शेजारचे जस्त. रंग फुटला की गंज त्याच्याखाली पसरत जातो. जस्ताचा थर खरचटला तरी बाजूचे जस्त राखण करत राहते.

हा थर चढवण्याची रीत वस्तूनुसार बदलते. विजेच्या मनोऱ्यांचे सुटे भाग आम्लात धुऊन, फ्लक्स लावून सुमारे ४५० अंशांच्या जस्तात बुडवतात. तिथे लोखंड आणि जस्त यांच्या मिश्रधातूंचे थर तयार होतात. ते कठीण असतात, पण ठिसूळही. मनोऱ्याला ते चालतात. पत्र्याला पुढे पन्हळी पाडायची असते, तेव्हा ते तडकतील. म्हणून पत्र्याच्या कारखान्यात जस्ताच्या कुंडात सुमारे ०.२ टक्के ॲल्युमिनियम घालतात. ते पोलादाच्या पृष्ठभागावर लोखंड-ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ पडदा धरते आणि ठिसूळ थर वाढू देत नाही. एवढ्याशा भेसळीमुळे पत्रा मुलामा न सोडता वाकतो. कुंडातून वर येणाऱ्या पट्टीवर हवेचे झोत मारून जास्तीचे जस्त उडवतात. किती जस्त ठेवायचे ते इथेच ठरते.

भारतीय मानक २७७ मध्ये हे प्रमाण दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू धरून, ग्रॅममध्ये दिलेले असते. २७५ ग्रॅम म्हणजे एका बाजूला सुमारे १९ मायक्रॉन. १२० ग्रॅम म्हणजे जेमतेम ८. झीज साधारण सरळ हिशेबाने होते: कोरड्या मुलखात वर्षाला एका मायक्रॉनहून कमी, ऐन समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात चार ते आठ. त्यामुळे सोलापूरकडे काही दशके निभावणारा पत्रा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत चार-पाच वर्षांत तांबडा पडू शकतो, आणि पातळ मुलाम्याचा असेल तर दोनच वर्षांत. दोन्ही पत्र्यांचा गेज एकच असला, तरी हा फरक पडतोच.

किनाऱ्यावर ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन अशा मिश्रधातूचा मुलामा बराच अधिक टिकतो. अमेरिकेतील बेथलहेम स्टीलने तो १९७२ मध्ये बाजारात आणला. गॅल्व्हल्यूम या नावाने तो ओळखला जातो. त्यातले ॲल्युमिनियम हवा-पाणी अडवते, जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवते आणि सिलिकॉन कुंडातील ॲल्युमिनियमची पोलादाशी होणारी उग्र क्रिया आवरते. गुरांच्या गोठ्यावर मात्र हा पत्रा घालू नये. बंदिस्त गोठ्यातला अमोनिया ॲल्युमिनियमला खातो.

चांगला पत्राही हाताळणीत वाया जातो. ओला गठ्ठा तसाच ठेवला तर आत हवा खेळत नाही, कार्बोनेट धरत नाही आणि जस्ताची पांढरी भुकटी होते. म्हणून पत्रे तिरपे आणि कोरडे ठेवावेत. ग्राइंडरने कापताना उडणाऱ्या ठिणग्या मुलामा जाळतात आणि मागे लोखंडाचे कण सोडतात; कातर बरी. ओला सिमेंटचा गिलावा आणि तांब्यावरून ओघळलेले पाणी दोन्ही जस्ताला बाधतात. वेल्डिंगच्या जागी जस्त उडून जाते. तो पांढरा धूर छातीत गेल्यास ताप येतो, आणि उघड्या पडलेल्या जागेला जस्तयुक्त रंग लावावा लागतो. ‘J’ आकाराचा हुक किंवा रबर वॉशरचा स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावरच बसवायचा, कारण पाणी वाहते ते खोलगट भागातून.

जुना पत्रा भंगारात जातो तेव्हा विद्युत भट्टीत त्याचे पोलाद वितळते आणि जस्ताची वाफ धुळीबरोबर वर जाते. ही धूळ गाळण्यांत पकडतात, कोळशासह फिरत्या भट्टीत पुन्हा तापवतात आणि तिच्यातले जस्त ऑक्साइडच्या रूपात परत मिळवतात.