हायड्रोजेलमधील अनुस्फुरण ऊर्जा-संक्रमण

हायड्रोजेलमधील अनुस्फुरण ऊर्जा-संक्रमण म्हणजे पाण्याने फुगलेल्या बहुवारिकाच्या जाळ्यात बसवलेल्या दोन रंजकरेणूंपैकी एकाची उत्तेजन-ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न पडता थेट दुसऱ्याकडे जाणे होय. ऊर्जा देणाऱ्या रेणूस दाता व घेणाऱ्यास ग्राही म्हणतात. या दोहोंमधील अंतर साधारणपणे १ ते १० नॅनोमीटर असेल तरच ही देवघेव जाणवण्याइतकी होते. त्यामुळे जेलच्या जाळ्यात सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे जे बदल घडतात, ते प्रकाशाच्या रंगावरून ओळखता येतात.

तत्त्व

या संक्रमणाचा परिमाणात्मक सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फर्स्टर यांनी १९४६ व १९४८ मध्ये मांडला. त्यांच्या नावावरून व इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रक्रियेस ‘फ्रेट’ असे संक्षिप्त नाव पडले. अनुस्फुरण हा शब्द नावात असला तरी तो काहीसा दिशाभूल करणारा आहे, कारण दात्याकडून ग्राहीकडे प्रकाश जातच नाही. एकाच सुरात लावलेल्या तंबोऱ्याच्या तारांपैकी एक छेडली असता दुसरी आपोआप कंप पावते, त्या अनुनादाशी याचे साम्य अधिक आहे. दात्याचा उत्सर्जन-वर्णपट आणि ग्राहीचा शोषण-वर्णपट एकमेकांवर पडणे ही सूर जुळण्याची अट होय. याशिवाय दोन्ही रेणूंच्या द्विध्रुवांची परस्परसापेक्ष दिशाही महत्त्वाची असते. ते एकमेकांना काटकोनात आणि प्रतिकूल स्थितीत असतील तर अंतर कमी असूनही संक्रमण घडत नाही.

संक्रमणाची कार्यक्षमता अंतराच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. ज्या अंतरावर ती ५० टक्के होते त्यास फर्स्टर अंतर म्हणतात. प्रत्यक्ष अंतर याच्या निम्मे झाल्यास कार्यक्षमता सुमारे ९८ टक्क्यांवर जाते, तर दुप्पट झाल्यास दीड टक्क्यावर येते. फ्लुओरेसीन व टेट्रामिथिल ऱ्होडामीन या नेहमीच्या जोडीचे फर्स्टर अंतर सुमारे ५.५ नॅनोमीटर आहे. पहिला रेणू सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा, तर दुसरा सुमारे ५८० नॅनोमीटरचा पिवळा-नारिंगी प्रकाश देतो. १९६७ मध्ये लुबर्ट स्ट्रायर व रिचर्ड हॉगलंड यांनी प्रोलीनच्या लांबी ठाऊक असलेल्या साखळ्यांच्या दोन टोकांना रंजक जोडून सहाव्या घाताचा हा नियम पडताळला आणि या पद्धतीस रेण्वीय मोजपट्टी म्हणून मान्यता मिळवून दिली.

जेलमधील वापर

हायड्रोजेल हे जलस्नेही बहुवारिकाच्या साखळ्या आडबंधांनी जोडून तयार झालेले जाळे असते. ते पाण्यात विरघळत नाही, केवळ फुगते. ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० मध्ये अशा जेलचा वैद्यकीय उपयोग सुचवला आणि त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा जन्म झाला. फ्रेटसाठी मात्र परिस्थितीनुसार आकार बदलणारी जेल अधिक उपयोगी ठरतात. पॉली-एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलअमाइड हे त्यांतील सर्वपरिचित उदाहरण होय. पाण्यात सुमारे ३२° से. तापमानाच्या खाली त्याच्या साखळ्या पसरलेल्या असतात; त्यावर तापमान गेले की त्या आखडतात आणि जेल पाणी बाहेर टाकून आकसते.

समजा, एखाद्या जोडीचे फर्स्टर अंतर ५ नॅनोमीटर आहे आणि फुगलेल्या जेलमध्ये दाता व ग्राही ८ नॅनोमीटर दूर आहेत. कार्यक्षमता ६ टक्क्यांच्याही आत राहील. जेलचे आकारमान एक-अष्टमांश झाले तर अंतर निम्मे, म्हणजे ४ नॅनोमीटर होईल आणि कार्यक्षमता ७९ टक्क्यांवर पोहोचेल. हिरवा प्रकाश मंदावून नारिंगी वाढेल. प्रत्यक्ष जेलमध्ये सर्व जोड्यांचे अंतर सारखे नसल्याने हा बदल इतका ठळक नसतो, तथापि दिशा हीच असते.

ग्लुकोजमापन हा या क्षेत्रातील जुना ध्यास आहे. अबईच्या वर्गातील जॅक बीन या शेंगेपासून मिळणारे कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए हे प्रथिन ग्लुकोजला व डेक्स्ट्रान या बहुशर्करेला बांधून ठेवते. प्रथिनाला ऱ्होडामीन व डेक्स्ट्रानला फ्लुओरेसीन जोडल्यास दोघे एकत्र असताना संक्रमण घडते. ग्लुकोज आले की ते डेक्स्ट्रानची जागा घेते, अंतर वाढते आणि हिरवा प्रकाश उजळतो. ही योजना १९९९ मध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या हायड्रोजेलमध्ये करून दाखवण्यात आली. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला, त्वचेखाली बसवण्याचा ग्लुकोज संवेदकही अनुस्फुरक हायड्रोजेल वापरतो. परंतु त्याचे कार्य बोरॉनिक आम्लयुक्त रेणूवर चालते, फ्रेटवर नव्हे. दोहोंची गल्लत करू नये.

मर्यादा

जेलचा रंग बदलला म्हणजे फ्रेट घडले, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. जाड जेलमध्ये दात्याने बाहेर टाकलेला प्रकाश वाटेत ग्राही शोषून घेतो. या साध्या पुनर्शोषणातही हिरवा प्रकाश कमी होऊन नारिंगी वाढतो, मात्र त्याचा रेणूंमधील सूक्ष्म अंतराशी संबंध नसतो. तापल्यावर जेल दुधाळ होते व प्रकाश विखुरते, त्यामुळेही मोजमाप बिघडते. आम्लधर्मी माध्यमात फ्लुओरेसीन मुळातच मंद होते. सामूनुसार फुगणाऱ्या जेलमध्ये ही बाब विशेष अडचणीची असते. रंजक एकमेकांच्या फार जवळ आल्यास स्वशमनही होते.

यावरचा विश्वासार्ह उपाय म्हणजे दात्याच्या उत्तेजित अवस्थेचे आयुर्मान मोजणे. फ्लुओरेसीनचे हे आयुर्मान सुमारे ४ नॅनोसेकंद असते. खऱ्या फ्रेटमध्ये ते घटते, केवळ पुनर्शोषणात घटत नाही. स्वशमनानेही ते कमी होऊ शकते, म्हणून फक्त दाता असलेले आणि फक्त ग्राही असलेले असे दोन जेलनमुने तुलनेसाठी त्याच परिस्थितीत तपासावे लागतात.