जुन्या घरांतील नळ आणि मोऱ्या

देशावरील जुनी घरे ज्या काळी उभी राहिली, त्या काळी घरात पाणी येई ते डोक्यावरील घागरीतून. आडावरून वा नदीवरून मोजून आणलेले पाणी मोजूनच खर्च होई, आणि मोरीतून जे थोडे बाहेर पडे ते परसातील अळवास व केळीस पुरेसे होत नसे. घराची बांधणीही त्याच बेताची होती. दगडी जोते, त्यावर भेंड्यांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. अशी भिंत उन्हातान्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण पाणी बुडाशी मुरू लागले की तिचे बळ सरते.

पुढे या घरांतून नळ आले. दि. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज 55 लिटर पाणी हे प्रमाण धरले. पाच माणसांच्या घरात हे 275 लिटर होतात, म्हणजे मध्यम आकाराच्या अठरा घागरी. हे पाणी घरात यावे याविषयी आमचे दुमत नाही. उन्हाळ्यातील बायकांची पायपीट ज्याने पाहिली आहे, तो नळास नावे ठेवणार नाही. परंतु आलेले पाणी भिंतीतून कसे जाते आणि वापरून झाल्यावर कोठे मुरते, याचा विचार नळ बसविताना फारसा होत नाही.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी गवंड्याने आमच्या जुन्या घराची भिंत खाचून लोखंडी नळ आत घातला आणि वरून सिमेंटचा गिलावा केला. भिंत मोठी देखणी दिसू लागली. तीन वर्षांनी मोरीलगत गिलाव्यास पोपडे धरले व बुडाशी पांढरा क्षार फुलला. आम्ही ती पावसाची ओल समजलो आणि वर रंगाचा हात दिला. चैत्रातही ओल हटेना, तेव्हा तरी शंका यावयास हवी होती. ती आली नाही. पुढे एका रात्री भिंतीचा हातभर भाग आतल्या आत खचला आणि तुळईचे टोक चार बोटे खाली आले. गिलावा फोडून पाहतो तो आतील मातीचा चिखल झालेला! त्या खोलीत आमच्या मातोश्री निजत असत. त्या रात्री त्या लेकीकडे गेल्या होत्या, एवढेच आमचे दैव.

झाले ते असे. लोखंडी नळावर जस्ताचा मुलामा असतो. पण जोडासाठी आटे पाडले की तेथील मुलामा जातो. ओल्या मातीत गंज प्रथम तेथेच धरतो व सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. उघडी मातीची भिंत आपली ओल वाऱ्यावर टाकून देते; सिमेंटचा गिलावा तिला कोंडून ठेवतो. सेकंदास एक थेंब गळाला तरी दिवसाकाठी सुमारे 20 लिटर पाणी होते. ते सर्व आमच्या भिंतीने महिनोन्‌महिने प्यायले.

म्हणून मातीच्या घरात नळ भिंतीबाहेरूनच न्यावा. दिसावयास बरा दिसत नाही हे खरे. पण गळला तर त्याच दिवशी दिसतो. प्लॅस्टिकचा नळ उन्हात असल्यास त्यास रंग द्यावा किंवा आडोसा करावा, नाहीतर तो ठिसूळ होऊन तडकतो. गळतीची परीक्षाही सोपी आहे. रात्री निजतेवेळी सर्व तोट्या बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीशी कोळशाने खूण करावी. कोणी पाणी वापरले नसता सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर पाणी कोठेतरी मुरत आहे हे निश्चित.

धार बारीक झाल्याची तक्रार तर घरोघर ऐकू येते. एकाच तोटीची धार बारीक असेल तर दोष त्या तोटीत. सर्वच तोट्यांची असेल तर मुख्य नळात. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी जड असले की नळाच्या आत क्षाराचा थर चढतो. शिवाय अर्धा इंची नळाचा छेद एक इंची नळाच्या चौथाईच असतो, हे नळ घेताना आपण विसरतो.

धार वाढविण्यासाठी गावच्या नळासच मोटर जोडण्याची जी रीत पडली आहे, ती मात्र घातक आहे. शेजाऱ्याचे पाणी पळते ही एक गोष्ट झाली. पण तेवढ्यावर भागत नाही. गावचा नळ पुष्कळदा गटाराच्या कडेने, कोठे तर गटारातूनच गेलेला असतो. नळात दाब असेतोवर फटीतून पाणी बाहेर येते. मोटरने ओढ लागली की त्याच फटीतून गटाराचे पाणी आत शिरते. कावीळ, विषमज्वर आणि हगवण घरात येण्याची ही एक वाट आहे. ज्यास मोटर लावणेच आहे, त्याने जमिनीलगत हौद करून नळाचे पाणी आपल्या दाबाने त्यात पडू द्यावे, आणि मोटर हौदातून वर लावावी.

आता मोरी. अठरा घागरी पाणी येते, तसे ते बहुतेक सर्व बाहेरही पडते, आणि जुन्या मोरीचे तोंड जोत्यालगतच उघडते. त्यास पक्का पन्हाळ किंवा नळ जोडून पाणी घरापासून दूर न्यावे व शोषखड्ड्यात सोडावे. मुरमाड जमिनीत खड्डा पाणी झपाट्याने पितो. काळ्या जमिनीत तो तुंबतो, म्हणून तेथे मुरूम लागेतो खोल जावे, अथवा पाणी सरळ केळीच्या आळ्यास द्यावे. खड्ड्यापूर्वी एक लहान टाके करून त्यात खरकटे व गाळ बसू द्यावा आणि ते आठवड्यास उपसावे. नाहीतर वर्षभरात खड्डा बुजतो. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा निदान 50 फूट दूर असावा.

खेड्यात नळकारागीर निराळा क्वचितच असतो. मोटर दुरुस्त करणाराच नळही पाहतो, आणि पेरणीच्या दिवसांत तोही हाती लागत नाही. सबब घरात एक पान्हा, चार वायसर आणि जोडास गुंडाळावयाची पट्टी असावी. पुष्कळ घरांत नळ आत शिरतो तेथे बंद करण्याची चावीच नसते. ती प्रथम बसवून घ्यावी, आणि ती कोठे आहे हे घरातील बायकामुलांसही दाखवून ठेवावे.