दातांना तारा : बसवण्याआधी आणि काढल्यानंतर



यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात आमच्या नातीने नाट्यप्रवेशात काम केले. तिच्या दातांवरच्या तारा पाहून तीन-चार घरांतून आम्हाला विचारणा झाली. दुखते का? किती दिवस लागतात? एवढा खर्च करावा का? प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावे असे आम्ही उभयतांनी ठरवले. आम्ही डॉक्टर नाही. मात्र आमच्या घरात हा अनुभव दोन पिढ्यांचा आहे, आणि पहिल्या वेळी तो आमच्याच चुकीने बराचसा वाया गेला.

कोणाकडे जावे, केव्हा जावे

तारांचे काम ऑर्थोडॉन्टिस्टचे, म्हणजे बीडीएसनंतर याच विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरांचे. मुलांना एकदा सातव्या वर्षाच्या सुमारास दाखवून घ्यावे असे अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते. दाखवणे म्हणजे लगेच तारा लावणे नव्हे. बहुतेक मुलांना दुधाचे दात पडून कायमचे आल्यावर, बारा-तेराच्या आसपास, तारा लागतात. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर मोठ्यांनाही लावता येतात.

पहिल्या एक-दोन भेटींत जबड्याचे एक्स-रे, फोटो आणि दातांचे माप घेतात. कीड असेल तर ती आधी भरून घेतात. जबड्यात जागा कमी असेल तर कधी कधी उपदाढा काढाव्या लागतात. आमच्या नातीच्या चार काढल्या. चांगले दात काढायचे म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा आला होता. डॉक्टरांनी एक्स-रे समोर ठेवून गर्दी दाखवली, तेव्हा पटले. तुम्हीही निःसंकोच विचारा.

तारा बसवण्याचा दिवस आणि पहिला आठवडा

बसवताना दुखत नाही, इंजेक्शनही लागत नाही. दात कोरडे करून प्रत्येकावर छोटे ब्रॅकेट चिकटवतात, निळ्या प्रकाशाने ते पक्के करतात आणि त्यातून तार ओवतात. तास-दीड तास तोंड उघडे ठेवण्याचाच काय तो त्रास.

खरी ठणक काही तासांनी सुरू होते आणि तीन ते पाच दिवस राहते. त्या दिवसांत मऊ खिचडी, वरण-भात, दहीभात, शिरा असे द्यावे. डॉक्टरांनी सांगितली असेल ती वेदनाशामक गोळी घ्यावी. गालाला आतून ब्रॅकेट घासून तोंड येते. त्यासाठी मेण देतात, त्याची छोटी गोळी करून टोचणाऱ्या जागी लावायची. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो. दात थोडे हलू लागले तरी घाबरू नये, ते हलवण्यासाठीच हा खटाटोप आहे.

इतके महिने का लागतात

तार दातावर हलका, सतत दाब देते. ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड हळूहळू विरघळते आणि मागे सुटलेल्या जागेत नवे हाड तयार होते. या कामाला घाई चालत नाही. जास्त जोर लावला तर दाताच्या मुळाला इजा होऊ शकते. म्हणून साधारण दीड ते दोन वर्षे लागतात, अवघड दातांना त्याहून अधिक. दर चार ते सहा आठवड्यांनी भेट असते. आम्ही हिला घरातले रिकरिंग डिपॉझिट म्हणतो. हप्ता चुकला की मुदत लांबते.

इंदूरकरांची खरी परीक्षा

आपल्या गावात शेवेशिवाय पोहे खाणे म्हणजे शिक्षाच! पण कडक शेव, चकली, चिक्की, ऊस, बर्फ, सुपारी, च्युइंगगम यांनी ब्रॅकेट निघते. निघालेले ब्रॅकेट म्हणजे एक जादा भेट आणि वाया गेलेले आठवडे. दाताने तोडून भाजलेला भुट्टा खाणे बंद, पण सराफ्यातला भुट्ट्याचा किस खुशाल चालतो. सफरचंद, पेरू बारीक चिरून द्यावे. संक्रांतीला नातीसाठी मऊ गुळाची पोळी केली आणि कडक तिळाचे लाडू डब्यात लपवून ठेवले.

प्रत्येक खाण्यानंतर दात घासणे सक्तीचे. ब्रॅकेटच्या कडेला अन्न अडकते. ते राहिले तर तारा निघाल्यावर दात सरळ दिसतात, पण त्यांवर पांढरे डाग उरतात. तारेखालून जाणारा बारीक ब्रश मिळतो, तो शाळेच्या दप्तरातही ठेवावा.

खर्चाचे बोलणे

ब्रॅकेट धातूचे की दातांच्या रंगाचे, यावर खर्च बदलतो. सुरुवातीलाच लिहून घ्यावे : एकूण रक्कम किती, हप्ते कसे, तुटलेल्या ब्रॅकेटचे वेगळे पैसे का, आणि रिटेनर यात धरला आहे का. इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही चौकशी करावी.

आमची चूक

आता मुख्य मुद्दा. आमच्या लेकीला १९९८ साली तारा लावल्या होत्या. दोन वर्षांनी त्या निघाल्या, दात मोत्यासारखे दिसू लागले. डॉक्टरांनी रिटेनर दिला आणि रोज लावायला बजावले. थोड्याच दिवसांत आमची बदली झाली, भेटी थांबल्या. एका लग्नात तिने तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि पत्रावळींबरोबर तो गेला. आम्ही म्हणालो, "जाऊ दे, दात तर सरळ झाले आहेत." नवा केला नाही.

दात मात्र जुनी जागा विसरत नाहीत. भोवतालचे हाड आणि धागे स्थिरावायला वेळ लागतो आणि वयाबरोबरही दात सरकत राहतात. लेक कॉलेजात जाईपर्यंत खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढले. आज ती फोटोत ओठ मिटून हसते. आम्हाला काही बोलत नाही, पण आम्हाला ते दिसते.

म्हणून तारा निघाल्या की उपचार संपला असे समजू नका. सुरुवातीचे काही महिने रिटेनर बहुतेक वेळ आणि नंतर पुष्कळ वर्षे रात्री लावावा लागतो. जेवताना तो डबीतच ठेवावा, रुमालात कधीही नाही. हरवला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

नातीच्या तारा दिवाळीनंतर निघतील. रिटेनरची लाल डबी तिच्या आईने आताच आणून ठेवली आहे.