हिरव्या आकाशाखालची माणसं

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात वरातीवर ड्रोन फिरवणं नियमात बसतं, असं अनेकांना वाटतं. त्याला आधारही आहे. ड्रोनसाठीच्या 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपलीकडचं, बंदी नसलेलं आकाश जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत हिरवं असतं. तिथे उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. ओझरचा विमानतळ देवळ्याहून त्यापेक्षा कितीतरी लांब आहे. पोलिसांचा मनाई आदेश नसेल, तर वाट मोकळी. पण तो हिरवा रंग सांभाळतो विमानांना. खाली नाचणाऱ्या पोरांचं काय, हे नकाशा सांगत नाही, आणि आपल्याकडचा खरा धोका तिथेच आहे.

तीस मीटरवरून सुटलेली वस्तू अडीच सेकंदांत जमिनीवर येते आणि हवेचा अडथळा सोडला तर तिचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो. डीजेच्या आवाजात अडीच सेकंदांत कोण वर बघणार? २२ डिसेंबर २०१५ला इटलीत स्कीइंगच्या विश्वचषक शर्यतीत चित्रीकरणाचा ड्रोन उतारावरून येणाऱ्या स्कीपटू मार्सेल हिर्शरच्या अगदी मागे कोसळला. तिथे तर व्यावसायिक पथक होतं. म्हणजे हात कितीही सराईत असला, तरी यंत्र पडणार असं धरूनच जागा निवडावी लागते. ड्रोन जेवढा उंच, निदान तेवढाच गर्दीपासून बाजूला ठेवावा. वेगात असेल तर आणखी लांब, कारण बंद पडलेला ड्रोन सरळ खाली न येता पुढे जाऊन पडतो. कॅमेरा ४५ अंशांत झुकवला की बाजूच्या कांद्याच्या मोकळ्या वावरावरूनही अख्खी वरात चौकटीत येते.

यावर फोटोग्राफरचं म्हणणं असतं, 'आमचा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे.' ड्रोन नियम २०२१ प्रमाणे त्याला वैमानिक प्रमाणपत्र आणि त्रयस्थ विमा लागत नाही, हे खरं. पण फिरत्या पात्यासमोर डोळा तेवढाच नाजूक. २५० ग्रॅम ते २ किलोचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा, तर दोन्ही लागतं. दुसरी तक्रार जास्त रास्त आहे: नवरदेवावर घिरट्या घातल्या नाहीत तर यजमान नाराज होतात, ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. पण हा प्रश्न ऐन वरातीत सुटत नाही, तो ऑर्डर घेतानाच बोलायचा. त्याच भेटीत जागाही पाहून घ्यावी. सिग्नल तुटला की ड्रोन ठरवलेल्या उंचीवरून उड्डाणाच्या जागेकडे वळतो. ती उंची जवळच्या मोबाइल टॉवरपेक्षा कमी असेल, तर त्याची सुरक्षित वापसीच टॉवरवर आदळते. ड्रोनचं होकायंत्र जुळवायचं ते जनरेटर, गाडीचं बोनेट आणि स्पीकरच्या भिंतीपासून दूर. येवल्याकडे संक्रांतीत काम असेल, तर पतंगांचा मांजाही पात्यात अडकतो; त्या दिवसांत ड्रोन पेटीतच बरा.