बटर पेपरमधलं धुकं

घरात बटर पेपर असेल तर एक तुकडा घेऊन या. तो वर्तमानपत्रावर सपाट अंथरा. अक्षरं वाचता येतात ना? आता कागद सावकाश उचला. बोटभर वर आला की अक्षरं विरघळायला लागतात. वीतभर वर नेलात तर मथळेसुद्धा गायब! उरतो नुसता पांढुरका उजेड.

एका अजरामर चित्रपटातलं धुकं असंच जन्माला आलं.

१९७५ साली मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्म स्टुडिओत युरी नॉर्स्टेइन यांनी अवघ्या दहा मिनिटांचा एक कार्टूनपट केला. त्याचं रशियन नाव ‘योझिक व तुमाने’, म्हणजे धुक्यातला योझिक. योझिक म्हणजे छोटा हेजहॉग. साळिंदरासारखे काटे, पण जीव केवढासा, ओंजळीत मावेल एवढा. रोज संध्याकाळी तो आपल्या मित्राकडे, अस्वलाच्या पिल्लाकडे जातो. दोघं चहा पितात आणि चांदण्या मोजतात. आज त्यानं रुमालाच्या गाठोड्यात रासबेरीचा मुरांबा घेतलाय. मागे एक घुबड लागलंय, त्याचा याला पत्ताच नाही.

वाटेत खाली धुकं पसरलेलं, आणि त्यात एक पांढरी घोडी उभी. योझिकला प्रश्न पडतो: ती आडवी झाली तर धुक्यात बुडेल का? काय सुंदर शंका आहे! ती फेडायला तो स्वतःच धुक्यात उतरतो.

आता सांगा, धुकं रंगवायचं कसं? त्याला ना कड, ना आकार. पांढरा रंग फासला तर भिंत दिसेल. नॉर्स्टेइन यांनी ते रंगवलंच नाही. त्यांच्याकडे कॅमेरा वर टांगलेला असे, खाली पाहणारा. त्याच्याखाली काचा, इमारतीच्या मजल्यांसारख्या एकावर एक. कुठल्या मजल्यावर झाड, कुठल्या मजल्यावर योझिक. त्या दृश्यावर अतिशय पातळ कागद ठेवायचा, एक चित्र टिपायचं, कागद किंचित वर घ्यायचा, पुन्हा टिपायचं. कागद कॅमेऱ्याच्या दिशेनं सरकत जातो आणि पडद्यावर धुकं दाटत जातं!

पण कागद उचलल्यावर चित्र पुसट का होतं? अक्षरावरून निघालेला प्रकाश कागदातून जाताना विखुरतो. कागद अक्षराला टेकलेला असला तर हा प्रकाश ठिपक्याएवढ्या जागेतच राहतो. मधे अंतर पडलं की शेजारच्या अक्षराचा प्रकाश त्यात मिसळतो, मग त्याच्या शेजारच्याचा, आणि शेवटी सगळ्यांची सरमिसळ होते. खऱ्या धुक्यात हेच विखुरण्याचं काम पाण्याचे बारीक थेंब करतात. म्हणून तर हे धुकं इतकं खरं वाटतं. पडद्यावर जे दिसतं ते प्रकाशानं खरोखर केलेलं असतं.

आणि योझिक? तोही कातरलेल्या तुकड्यांचा. पंजा वेगळा, तोंड वेगळं. प्रत्येक तुकडा हातानं कणभर हलवायचा, मग टिपायचं. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ चौकटी धावतात, म्हणजे दहा मिनिटांत १४,४००! स्टुडिओत येण्यापूर्वी नॉर्स्टेइन फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करत. तिथला हाताचा धीर इथे कामी आला असेल, असं मला मनापासून वाटतं. चित्रं त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा यांची आणि कॅमेरा अलेक्सांद्र झुकोव्स्की यांचा. तिघांची नजर एक झाल्याशिवाय हे जमणं नाही.

धुक्यात योझिकचं गाठोडं हरवतं. एक कुत्रा येतो, ते त्याच्यापुढे ठेवतो आणि निघून जातो. मग योझिक नदीत पडतो, तर पाण्यातला ‘कुणीतरी’ त्याला पाठीवर घेऊन काठाला लावतो. त्या कुणीतरीचा चेहरा आपल्याला दिसतच नाही.

शेवटी योझिक मित्राकडे पोचतो. अस्वलाचं पिल्लू अखंड बडबडतंय, चहा तयार आहे, वर चांदण्या आहेत. योझिक मात्र गप्प बसलाय. तिकडे धुक्यात ती घोडी कशी असेल, याचा विचार करत.